सोळाशे मीटरचा दम

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानावर उंची मोजून झाली की फीत छातीभोवती येते. पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सेंटिमीटर हवी, छाती न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर हवी आणि फुगवल्यावर त्यात कमीत कमी ५ सेंटिमीटरांची भर पडायला हवी. मुलींना छातीचे माप नाही, उंची १५५ पुरते. मग खरी कसोटी लागते: मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. सोळाशे पाच मिनिटे दहा सेकंदांत काढले तर वीसपैकी वीस गुण. म्हणजे चारशे मीटरच्या मैदानाच्या चार फेऱ्या, प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, न थांबता. ज्यांना हा वेग म्हणजे काय ते कळत नाही त्यांनी एकच फेरी या वेळात काढून पाहावी.

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी पोरे दिसली तर ती वजन उतरवायला निघालेली नसतात, हे आधीच सांगून टाकतो. त्यांना ‘ग्राउंड’, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, काढायचे असते. पर्याय काय आहेत ते पाहिले की हा आटापिटा समजतो. चिकूच्या वाडीत मजुरी, सीमेपलीकडे उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत पाळी, पावसाळा सरला की वीटभट्टी, किनाऱ्यावर घर असेल तर बोट. त्यापुढे वर्दी म्हणजे महिन्याच्या महिन्याला खात्यात पडणारा पगार. त्यामुळे दम या गोष्टीचा इथे जेवढा कसून विचार होतो, तेवढा मुंबईतल्या कुठल्याही वातानुकूलित जिममध्ये होत नसेल. आणि त्या विचारात एक समज अगदी पक्का बसलेला असतो: धावल्याने फुफ्फुसे मोठी होतात, फुफ्फुसे मोठी झाली की दम वाढतो. यातला दुसरा भाग अर्धवट खरा आहे. पहिला जवळजवळ खोटा.

आधी फितीचे पाहू. ती मोजते छातीचा पिंजरा किती हलतो ते. बरगड्यांमधले स्नायू सैल असले, खांदे मागे घेऊन पोट आत ओढायची हातोटी साधली, की पाच सेंटिमीटर निघतात. आत हवा किती गेली याच्याशी त्याचा संबंध लांबचा. श्वासाचे मोठे काम छातीच्या तळाशी असलेले श्वासपटल करते. ते खाली सरकते तेव्हा पोट पुढे येते, आणि फीत तर काखेखालून गेलेली असते.

फितीऐवजी हवाच मोजावी, हा उद्योग नेटाने केला तो जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने. पाण्यात पालथे टांगलेले भांडे, त्याला जोडलेली नळी. माणसाने छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत सगळा सोडायचा, भांडे किती वर उचलले गेले त्यावरून हवेचे माप. १८४६ साली त्याने लंडनच्या वैद्यकीय सभेपुढे २१३० माणसांची मोजमापे मांडली. त्यात खलाशी होते, आगीचे बंबवाले होते, छापखान्यातले कामगार, मल्ल, भिकेला लागलेले लोक आणि लंडनचे पोलीस शिपाईसुद्धा. त्याला आढळले की हवेचे माप उंचीबरोबर जवळपास सरळ रेषेत वाढते. छातीच्या घेराशी मात्र त्याचा असा मेळ बसत नाही. हचिन्सन पुढे ऑस्ट्रेलियात गेला आणि १८६१ साली फिजी बेटांवर वारला. त्याचे भांडे, म्हणजेच स्पायरोमीटर, आज खिशात मावेल एवढे झाले आहे. फीत मात्र मैदानावरून हललेली नाही.

आजच्या स्पायरोमीटरची चाचणी पाहायला गमतीची असते. नाकाला चिमटा लावतात. मुखनळीवर ओठ घट्ट मिटायचे, आत मावेल तेवढा श्वास भरायचा आणि मग तंत्रज्ञ ओरडतो, ‘‘सोडा, सोडा, सोडा, अजून सोडा!’’ पोट पाठीला लागेपर्यंत, चेहरा लालबुंद होईपर्यंत फुंकायचे. एकूण जेवढी हवा बाहेर आली तिला एफव्हीसी म्हणतात. पहिल्या सेकंदात जेवढी आली तिला एफईव्ही-वन. १६५ सेंटिमीटर उंचीच्या, विशीतल्या निरोगी भारतीय तरुणाची एफव्हीसी साधारण साडेतीन-चार लिटर भरते आणि त्यातली ८० टक्क्यांहून जास्त हवा पहिल्याच सेकंदात निघते.

आता हाच तरुण सहा महिने रोज धावला, आणि पुन्हा नळीत फुंकू लागला, तर? आकडा फारसा हलत नाही. थोडा वाढलेला दिसला तरी त्याची कारणे फुफ्फुसाबाहेरची असतात. एक तर दुसऱ्या वेळी फुंकायचे कसे ते कळलेले असते. पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू जोरकस झालेले असतात, त्यामुळे तळाची हवाही बाहेर रेटली जाते. मूळचा जाडजूड असेल तर पोटाची चरबी कमी झाल्याने श्वासपटलाला खाली सरकायला मोकळीक मिळालेली असते. महाविद्यालयांच्या शारीरिक शिक्षण विभागांतून असे प्रयोग पुष्कळ होतात: काही विद्यार्थी घ्यायचे, आठ-बारा आठवडे एरोबिक व्यायाम द्यायचा, आधी आणि नंतर मोजायचे. वाढ दिसली की व्यायामाने फुफ्फुसे सुधारली असा निष्कर्ष निघतो. पण त्याच वेळी व्यायाम न करणारा दुसरा गट मोजला होता का, हे विचारल्याशिवाय त्या आकड्यांवर विसंबू नये. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचे फुफ्फुस तसेही अजून थोडेथोडे वाढतच असते.

याचा उलटा पुरावा जास्त बोलका आहे. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे पाच तरुणांना, सगळे विशीच्या आसपासचे, तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. उठणे नाही, चालणे नाही. तीन आठवड्यांनी त्यांच्या शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची ताकद, जिला व्हीओटू मॅक्स म्हणतात, चौथ्या हिश्श्याहून अधिक घसरली होती. फुफ्फुसांची मापे जिथल्या तिथे होती. त्यानंतर त्यांना दोन महिने कसून व्यायाम दिला, आणि गेलेली ताकद परत आली, काहींची तर पहिल्यापेक्षाही वाढली. फुफ्फुसे न हलता दम गेला आणि फुफ्फुसे न हलता परतही आला. मग तो राहतो कुठे?

डहाणूच्या वाडीत चिकू कितीही उतरू दे, बाजारात नेणारे टेम्पो दोनच असले तर माल झाडाखालीच पडून राहतो. वाडी वाढवून उपयोग नाही, टेम्पो वाढवायला हवेत. निरोगी तरुणाच्या शरीरात ऑक्सिजनचे तसेच असते. बसल्या जागी आपण मिनिटाला सहा-सात लिटर हवा आत-बाहेर करतो. सोळाशेच्या शेवटच्या फेरीत तीच शंभर लिटरांच्या पुढे जाते. एवढी धाप लागलेली असतानाही फुफ्फुसातून निघणारे रक्त बहुतेकांच्या बाबतीत ऑक्सिजनने जवळपास पूर्ण भरलेलेच असते. कोंडी होते ती पुढे: ते रक्त ढकलणाऱ्या हृदयात, ते वाहून नेणाऱ्या लाल पेशींत, आणि मांडीच्या स्नायूत ते उतरवून घेणाऱ्या यंत्रणेत. छाती फुटेल असे वाटते तेव्हासुद्धा ती जाणीव मुख्यतः रक्तात साठत चाललेल्या आम्लाची असते. ऑक्सिजन संपल्याची नसते.

व्यायामाने बदलते ती ही पुढची सगळी साखळी, आणि तीही ठरावीक क्रमाने. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढतो, त्यामुळे दर ठोक्याला हृदय जास्त भरते. मग हळूहळू डावा कप्पा थोडा मोठा आणि लवचीक होतो. विश्रांतीतली नाडी सत्तरवरून साठीत उतरते. स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. आणि पेशींतल्या, ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका वाढतात. जॉन होलोझी या शास्त्रज्ञाने १९६७ साली उंदरांना पट्ट्यावर धावायला लावून दाखवले की त्यांच्या स्नायूंतल्या तंतुकणिकांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता जवळपास दुप्पट होते. हे सगळे झाले की त्याच वेगाने धावताना आम्ल कमी तयार होते, आणि धाप कमी लागते. पोरगा म्हणतो, ‘‘फुफ्फुस वाढले.’’ वाढले ते त्याचे हृदय आणि मांडी.

एकाच अकॅडमीत, एकाच सरांच्या शिट्टीवर धावणारी दोन मुले सहा महिन्यांनी सारखी का नसतात, यालाही उत्तर आहे. अमेरिका-कॅनडात १९९०च्या दशकात ‘हेरिटेज’ नावाचा मोठा अभ्यास झाला. कुटुंबेच्या कुटुंबे घेतली, वीस आठवडे सर्वांना सारखाच सायकलचा व्यायाम दिला. सरासरीने व्हीओटू मॅक्स मिनिटाला सुमारे चारशे मिलिलिटर वाढली. पण काहींची जवळजवळ वाढलीच नाही, तर काहींची लिटरभर वाढली. आणि एका घरातली माणसे साधारण सारखीच वाढली. म्हणजे व्यायामाला शरीर किती दाद देते, यातला बराच भाग आईबापांकडून येतो. याच अभ्यासात वजनात फारच थोडा फरक पडला. त्याकडे पुढे येऊ.

लाल पेशींपाशी मात्र इथे थांबायलाच हवे, कारण डहाणू-तलासरीतल्या मुलींची सोळा आणे अडचण तिथे आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन उचलते. हिमोग्लोबिन १४ असेल तर लिटरभर रक्त सुमारे १८८ मिलिलिटर ऑक्सिजन नेते. १० असेल तर १३४. फुफ्फुस ठणठणीत, हृदय ठणठणीत, तरी वाहतूक जवळपास तीस टक्क्यांनी कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आठशे मीटरमध्ये दोनशेनंतरच धाप लागणाऱ्या मुलीला ‘अजून पळ’ सांगण्याआधी तिचे हिमोग्लोबिन पाहावे. लोहाच्या गोळ्यांनी तिला जेवढा वेग मिळेल, तेवढा आणखी एका महिन्याच्या सरावाने मिळणार नाही.

याच्याच शेजारचा प्रश्न सिकलसेलचा. पालघरच्या आदिवासी समाजांत हा जनुकीय दोष आढळतो. दोन्ही बाजूंनी दोष आलेल्याला आजार असतो, आणि तो सहसा लहानपणीच कळतो. एकाच बाजूने आलेला ‘वाहक’ मात्र धडधाकट असतो, त्याला पत्ताही नसतो. अमेरिकी लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांची माहिती तपासून २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऊन आणि पाणी यांबाबत काळजी घेतली जाते अशा त्या सैन्यात वाहकांना मृत्यूचा धोका जास्त आढळला नाही. पण अतिश्रमाने स्नायू फाटून त्यातले घटक रक्तात उतरण्याचा धोका ५४ टक्क्यांनी जास्त होता. किनाऱ्याच्या दमट हवेत, एप्रिल-मेमध्ये, पाणी न पिता, आजवर कधी न धावलेला मुलगा पहिल्याच दिवशी जिवाच्या आकांताने सोळाशे काढायला गेला, तर हा धोका पुस्तकातला राहत नाही. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते, रक्ताचा एक थेंब पुरतो. वाहक असणे म्हणजे धावण्याला बंदी नव्हे. वेग हळूहळू वाढवायचा, पाणी प्यायचे, आणि पायात विचित्र कळा आल्या तर थांबायचे, हट्ट करायचा नाही.

फुफ्फुसाचे माप धावण्याने ठरत नाही, तर मग कधी ठरते? बरेचसे पोटात असताना आणि चालायला लागेपर्यंत. जन्मतः वजन कमी असलेल्या बाळांची फुफ्फुसे मोठेपणी सरासरीने लहान राहतात. पहिल्या काही वर्षांत वायुकोश झपाट्याने वाढतात, मग उंचीबरोबर छाती वाढते, आणि विशी-पंचविशीत आकडा शिखरावर पोहोचतो. कुडाच्या घरात चूल धुमसत असते, आई पाटा-वरवंट्याशी आणि तान्हे तिच्या पाठीशी. तो धूर त्या वाढीतूनच वजा होतो. दक्षिण कॅलिफोर्नियात मुलांच्या अनेक तुकड्यांची फुफ्फुसे वर्षानुवर्षे मोजली, तेव्हा हवा जसजशी स्वच्छ झाली तसतशी पुढच्या तुकड्यांची फुफ्फुसे जास्त वाढली, असे २०१५ साली दिसून आले. 

हिंदुस्थानी माणसाची फुफ्फुसे गोऱ्या माणसापेक्षा ‘वंशानेच’ लहान असतात असे मानून स्पायरोमीटरमध्ये कैक वर्षे सरसकट वजावट घातली जात होती. २०२२ साली जागतिक पातळीवर वंश न धरणारी समीकरणे आली, आणि २०२३मध्ये अमेरिकी छातीरोग संघटनेने तीच वापरावीत असे सुचवले. २०१९-२१च्या त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. जी उंची ताटात कमी पडली, तिला वंश म्हणून मोकळे होणे सोयीचे होते, एवढेच.

या दृष्टीने पाहिले तर डहाणू तालुक्यातली फुफ्फुसांबद्दलची सर्वांत दूरदर्शी माणसे खेळाच्या मैदानावर नव्हती, कोसबाडच्या टेकडीवर होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत सुरू केलेले ग्राम बाल शिक्षा केंद्र पुढे कोसबाडला गेले. शाळेत न येणाऱ्या मुलांकडे शाळाच न्यायची, पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवायची, गुरांमागे असलेल्या पोरांसाठी कुरणशाळा. त्यांचा हेतू शिक्षणाचा होता. पण अंगणवाडी हा शब्द आज शिकवण्याइतकाच खाऊ घालण्याशी आणि वजनकाट्याशी जोडलेला आहे, आणि पंधरा वर्षांनंतर भरतीच्या मैदानावर उंचीची पट्टी लागते तेव्हा त्या काट्याचाच निकाल वाचला जातो.

आता वजन. सपाटीवर धावायला किलोमागे किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी लागते. पंचावन्न किलोचा मुलगा पाच किलोमीटर धावला की पावणेतीनशे. एक वडापाव खाल्ला की हिशेब मिटला. किलोभर चरबीत साडेसात हजारांच्या वर, ७७०० किलोकॅलरी असतात, म्हणजे रोज पाच किलोमीटर आणि वडापाव शून्य, तर अठ्ठावीस दिवसांत एक किलो. हेही कागदावर. प्रत्यक्षात भूक वाढते, आणि सकाळी धावलेला माणूस दुपारी नकळत कमी हलतो. हर्मन पाँट्झर या मानववंशशास्त्रज्ञाने टांझानियातल्या हाड्झा या शिकारी जमातीची रोजची ऊर्जा मोजली आणि २०१२ साली प्रसिद्ध केली. दिवसभर पायपीट करणारी ही माणसे, शरीराच्या आकाराचा हिशेब धरला तर, अमेरिकेतल्या बैठ्या माणसांएवढीच ऊर्जा खर्च करत होती. शरीर एकीकडचा खर्च दुसरीकडे वाचवून सांभाळते. नुसत्या व्यायामाने महिन्याकाठी पाच किलो उतरवून देण्याच्या जाहिराती म्हणूनच थापा असतात.

आणि इथे तर अनेकांना उतरवायचेच नाही. १६५ सेंटिमीटर उंचीचा, पन्नास किलोचा मुलगा घ्या. त्याचा शरीरभार निर्देशांक १८.४ येतो, म्हणजे १८.५च्या किमान सीमेच्याही खाली. हा मुलगा उपाशीपोटी पहाटे धावतो, मग कामावर जातो, आणि दुपारी भात आणि पातळ डाळ. त्याचे वजन घटले तर ती चरबी नसते, मांस असते. मुलींच्या बाबतीत पोटात जाणारे अन्न व्यायामाला पुरले नाही की पाळी लांबते, बंद होते, हाडे कच्ची राहतात. आणि याला ‘पळण्याने असं होतंच’ म्हणून सोडून देतात. नागलीची भाकर, उडीद-तूर, अंडे, किनाऱ्यावरची सुकट आणि सुके बोंबील यांत या भागाकडे स्वस्त प्रथिने आहेत. डब्यातल्या पावडरीवर हजारो रुपये घालण्याआधी ती संपवावीत.

तरी वजनाचा दुसरा अंकही सुरू झाला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत राज्यातल्या स्त्रियांपैकी एक पंचमांश हडकुळ्या, तर जवळपास एक चतुर्थांश जादा वजनाच्या निघाल्या. कामावर जायला मोटारसायकल, हातात कुरकुरीत पाकिटे, आणि आधीची पिढी उपाशी: या मिश्रणाचे काय होते ते पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवले. पुण्याजवळच्या सहा गावांत जन्मलेली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती, पण त्यांची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते मांस. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा निर्देशांक २२.३, अगदी सारखा. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. युडकिन मॅरेथॉन धावायचे. याज्ञिकांनी स्वतःबद्दल मिश्कीलपणे लिहिले होते की आपला मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी लिफ्टचे दार लागण्याआधी आत शिरणे, आणि आपण जन्मलो तेव्हाही वजन कमीच होते. काटा न हलता व्यायामाने काय बदलते ते या एका फोटोत आहे. पोटाच्या आतली, यकृताभोवतीची चरबी कमी होते, स्नायू साखर ओढून घेऊ लागतात, मधुमेह लांबतो. त्यामुळे वजन उतरले नाही म्हणून धावणे सोडणाऱ्यांना मी काट्याऐवजी कमरेची फीत घ्यायला सांगतो. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८०. त्याच्या आत राहावे.

एरोबिक्स हा शब्द केनेथ कूपर या अमेरिकी हवाई दलाच्या डॉक्टरने १९६८च्या पुस्तकातून घरोघरी नेला. वारल्यांना त्याची वाट पाहावी लागली नाही. भात तयार झाले की दिवाळीपर्यंत पाड्यापाड्यावर तारपा घुमतो. वाळवलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, जोडांना मेण. तारपकरी मध्ये, त्याच्याभोवती बाया-पुरुष एकमेकांच्या कमरेत हात गुंफून, घुंगुरकाठीवाला पुढे. चाल बदलली की पाय बदलतात, वेग चढत जातो, रात्र चढत जाते. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या चित्रांतला तो वेटोळा नाच जगभर भिंतींवर गेला, पण तो नाचून पाहणाऱ्यालाच कळते की तासाभराने पोटऱ्या कशा बोलू लागतात. मध्यम गतीचा व्यायाम ओळखायची साधी खूण अशी: बोलता येते, गाता येत नाही. तारप्याच्या संथ चालीवर नाचणारे हसतात, चिडवतात. वेगवान चालीवर सगळे गप्प.

तारपकऱ्याची गोष्ट निराळी. त्याचा सूर तुटत नाही. गालांत हवा साठवून तो ती तारप्यात दाबतो आणि त्याच क्षणी नाकाने नवा श्वास ओढतो. जव्हार तालुक्यातले वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा ऐंशी ओलांडल्यावरही वाजवत राहिले. अशा माणसाची फुफ्फुसे प्रचंड असणार असे वाटते. जगभरातल्या सुषिर वाद्यवादकांची मोजमापे मात्र त्याला ठाम दुजोरा देत नाहीत. त्यांच्यात आढळतो तो श्वासाच्या स्नायूंवरचा ताबा. लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम स्थापून प्राणायाम प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंदही याच बाजूचे होते. प्राणायामाने शरीरात जादा प्राणवायू शिरतो ही समजूत त्यांना मान्य नव्हती. धावणाऱ्याने प्राणायाम जरूर करावा, मन ठिकाणावर येते. पण सोळाशेच्या बदली तो चालणार नाही.

सरावाबद्दल दोनच गोष्टी सांगतो. रोज जीव तोडून सोळाशे काढणे ही सर्वांत वाईट पद्धत. आठवड्यातले चार दिवस बोलता येईल अशा गतीने लांब धावावे, एक-दोन दिवस तुकड्यातुकड्यांनी वेगात, मध्ये विश्रांती घेत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम सांगते; भरतीवाल्यांचे यापेक्षा जास्तच होते.

दुसरी गोष्ट जागेची. तलासरी-चारोटीची मुले राष्ट्रीय महामार्ग ४८च्या कडेला धावतात, कारण तो सपाट आहे आणि त्यावर उजेड असतो. बसल्या जागी मिनिटाला सहा-सात लिटर हवा घेणारा माणूस बेताने धावतानाही साठ लिटर घेतो, तीही तोंडाने, नाकाची गाळणी चुकवून. आणि शेजारून अहमदाबादचे ट्रक धूर सोडत चाललेले. जून १९९१च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून उद्योगांवर बंधने आली, औष्णिक वीज केंद्राला न्यायालयीन लढ्यानंतर धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवावी लागली. एवढ्या मिनतवारीने राखलेली हवा दोन किलोमीटर आत, वाडीच्या रस्त्यावर मिळते. अंधाराचा प्रश्न असेल, विशेषतः मुलींचा, तर चार-सहा जणींनी मिळून जावे. ट्रकचा धूर गिळण्यापेक्षा तो उपाय सोपा आहे.

भरती होते, किंवा होत नाही, आणि धावणे थांबते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रक्तातला वाढलेला द्रव उतरतो, मग हृदयाचा ठोका पूर्वीसारखा आखूड होतो, दोन-तीन महिन्यांत तंतुकणिकाही मूळ पदावर येतात. नळीत फुंकले तर लिटर तेवढेच, आणि तरी दोन जिने चढताना धाप. पुढे वयाच्या पंचविशीनंतर फुफ्फुस दरवर्षी वीस-तीस मिलिलिटरांनी आटत जाते, बिडी ओढणाऱ्याचे त्याहून वेगाने. कमावलेला दम टिकवायला मात्र कमावण्याएवढे कष्ट लागत नाहीत. १९८०च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी आठवड्याला सहा दिवस सराव करणाऱ्यांचे दिवस कमी करून पाहिले: दोन दिवसांवर आणले तरी पंधरा आठवडे व्हीओटू मॅक्स ढळली नाही. अट एकच होती, त्या दोन दिवशीचा जोर पहिल्याइतकाच ठेवायचा.